उजवा कौल

लीलाबाईंनी नववीच्या वर्गात यंत्रमानव आणला तो खडूनं. फळ्यावर चौकोनी डोकं, चौकोनी पोट काढून म्हणाल्या, "हा माणसाची सगळी कामं करतो, दमत नाही, पगार मागत नाही." मागच्या बाकावरून नागम्मा म्हणाली, "मग ते आमच्या आईसारखंच की, बाई." सगळा वर्ग हसला.

मग बाईंनी प्रत्येकीला स्वतःचं यंत्र कल्पनेनं शोधायला सांगितलं. नागम्माला भाकरी थापणारं यंत्र हवं होतं. मी सांगितलं, पाहुणे मुलगी बघायला येतात तेव्हा आपल्याऐवजी पाटावर बसणारी पत्र्याची मुलगी. मान खाली घालेल, नाव सांगेल, स्वयंपाक येतो म्हणेल. आपण तोवर परसात चिंचा खायच्या. बाईंना ती गंमत वाटली. मला तसली काही गंमत सुचलेली नव्हती. अक्कलकोटचे पाहुणे आमच्याकडे दोनदा येऊन गेले होते. मला मॅट्रिक व्हायचं होतं, बाईंसारखं खडू घेऊन फळ्यापुढं उभं राहायचं होतं, आणि घरात हे ऐकायला कुणाला कान नव्हते.

त्या हिवाळ्यात शाळेत विज्ञान प्रदर्शन भरायचं ठरलं. हेडसरांना खराखुरा यंत्रमानव हवा होता. हौसेला मोल नाही म्हणतात, पण अक्कल तरी असावी. शेवटी ट्रंका बनवणाऱ्याकडून पत्र्याचा सांगाडा करून घेतला आणि आत मला घातलं, कारण मी अंगानं काडी आणि पाढ्यांत पक्की. यंत्राच्या दोन खांद्यांवर दोन दिवे, आत दोन बटणं. बाहेरून कुणी "सात नव्वे त्रेसष्ट" म्हणालं की 'बरोबर'चा दिवा लावायचा, चुकलं की 'चूक'चा. दिव्यांखालच्या पाट्या बाईंनी यंत्रासमोर उभं राहून लावल्या. स्वतःच्या उजव्या हाताला 'बरोबर', डाव्या हाताला 'चूक'. यंत्राच्या बाजूनं पाहिलं तर ते उलटं होतं, पण बटणांवर मी शाईनं खुणा केल्या होत्या, त्यामुळे माझी अडचण नव्हती.

पोरं मागून डोकावतील म्हणून पाठीचं दार स्क्रूनं आवळलं. स्क्रू काढायचं हत्यार शिपाई ईरप्पाच्या खिशात. आत माणूस आहे हे घरीसुद्धा बोलायचं नाही, अशी हेडसरांची ताकीद. आमच्या अप्पांना, म्हणजे वडलांना, मी स्वागतगीतात आहे एवढंच ठाऊक.

दार आवळून झाल्यावर ईरप्पा हार घेऊन आला.

"नवं यंत्र पूजेबगर चालू करायचं न्हाय, बाई. मागाची बी पूजा करतो की आपण."

लीलाबाई म्हणाल्या, "अहो, हे विज्ञान आहे!" पण हेडसरांनी स्वतःच दुसरा हार पुढं केला. यंत्राच्या कपाळाला भस्म लागलं, नारळ फुटला. झेंडूचे जाडजूड हार दोन्ही खांद्यांवरून खाली आले आणि पाट्या झाकल्या गेल्या. वर उघडे राहिले ते फक्त दिवे. बाईंना पाहुण्यांच्या स्वागताला पाठवलं, आणि मी आत राहिले.

डोळ्यांसमोरच्या दोन बोटं रुंद फटीतून जेवढं जग दिसेल तेवढं माझं. पाय हलवायला जागा नव्हती. पत्रा तापला, घाम डोळ्यांत उतरायला लागला, आणि पुसायला हात वर जाईना. मला भीती वाटत होती, पण भ्यायलासुद्धा तिथं जागा नव्हती.

सुरुवातीला पोरांनी पाढे विचारले. मग एक म्हातारी आली, तिनं पुढ्यात सुपारी ठेवली आणि हात जोडले. "माज्या पोराला कुर्डुवाडीच्या रेल्वेत चिकटवून घेतील का?" मला हसू आलं. म्हातारी खूश होऊन जाऊ दे म्हणून मी 'बरोबर' दाबलं. तिचं तोंड एवढंसं झालं. का, ते मला कळलं नाही. मग रांगच लागली. पाढे मागं पडले, लोक कौल लावायला लागले.

आणि रांगेत अप्पा दिसले. सोबत सिद्धलिंगप्पामामा, अक्कलकोटचं स्थळ आणणारे. अप्पांची भुसाराची आडत होती. पोतं उचलायचं तरी देवाला विचारून उचलणारा माणूस. त्यांनी चपला काढल्या.

"थोरल्या पोरीला, दाक्षायणीला, अक्कलकोटला द्यायची म्हंतोय. देऊ का?"

दाक्षायणी म्हणजे मी. सगळ्या घरानं मला सोडून बाकी सगळ्यांना विचारलं होतं. आता विचारणारे अप्पा, आणि उत्तर देणारी मी! मी 'चूक'चं बटण असं दाबलं की अंगठा पांढरा पडला.

अप्पांचा चेहरा उजळला. "उजवा दिला की!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाट्या हारांखाली, आणि कौल पाहायचा तो देवाच्या उजव्या-डाव्यावरून, विचारणाऱ्याच्या नव्हे. 'चूक'चा दिवा यंत्राच्या उजव्या खांद्यावर होता, आणि उजवा कौल म्हणजे होकार. मी घाईनं दुसरंही बटण दाबलं. दोन्ही दिवे लागले.

"लई परसन्न हाय," सिद्धलिंगप्पामामा म्हणाले.

"अप्पा, नको!" मी ओरडले. "मला शिकायचंय! नको!" पत्र्यात घुमून माझाच आवाज माझ्या कानांवर आदळला, शब्द काही बाहेर पोचले नसावेत. बाहेर एकच गलका झाला, "बोललं! यंत्र बोललं!" टाळ्या, शिट्ट्या. मी दोन्ही मुठींनी पत्रा बडवला, तसा लोकांना आणखी चेव आला. फटीतून मला दिसलं, अप्पा मामांच्या तोंडात साखर घालत होते.

संध्याकाळी ईरप्पानं दार उघडलं तेव्हा मी तशीच घरी धावले. अप्पा ओट्यावर बसले होते.

"अप्पा, यंत्रात मी होते. मी 'चूक' दाबलं होतं. मी नको म्हणत होते."

ते ओट्यावरून उठून उभे राहिले. मला वाटलं, आता कळलं. अप्पा वाईट नव्हते, कधी हात उगारला नव्हता.

"आत तू हुतीस?"

"व्हय."

त्यांनी मला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. "माज्या जिवाला लई घोर हुता, पोरी. म्हनलं, पोरीच्या मनात काय असंल. देवाला कौल द्यायला कुनाचा तरी हात लागतोच की. त्यानं तुजाच घेतला. आता मला चिंता न्हाय."

मग त्यांनी आईला हाक मारून ताट वाढायला सांगितलं. आई चुलीपाशी अडकली होती, म्हणून मीच वाढलं. कितीतरी दिवसांनी अप्पा पोटभर जेवले.