तेहरानची चुकलेली खेप

मी एक जुनी अँबॅसिडर गाडी आहे. पलूसजवळच्या एका मळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, विटांच्या थरांवर मला उभी करून ठेवली आहे. माझी चाकं केव्हाच कुणाच्या तरी बैलगाडीला लागली. टपावर भोपळ्याचा वेल चढला आहे. अंजनाबाई त्याला पाणी घालायला येतात आणि जाताना माझ्या दारावर क्षणभर हात टेकतात, एवढीच काय ती माझी विचारपूस. मित्रांनो, गाडीला बोलता येत नाही हे खरं. पण ऐकू सगळं येतं. जे ऐकलं, त्यातलं एक तुम्हाला सांगावं म्हणते.

माझा जन्म दूर बंगालमधल्या कारखान्यातला. पहिली काही वर्षं मी मुंबईच्या एका डॉक्टरांकडे काढली. तिथून सयाजीनं मला पलूसला आणलं. अंजनाबाई म्हणजे त्याची बायको. सयाजी पूर्वी लष्करात ट्रक चालवायचा. नोकरी सोडून तो गावी आला आणि माझ्यावर भाड्याचा धंदा करू लागला. त्याचा हात फार हलका होता. गिअर टाकताना माझा कधी आवाज निघाला नाही की खड्ड्यात कधी मला धक्का बसला नाही.

मी किती नवऱ्या सासरी पोचवल्या! मिरजेच्या दवाखान्यात किती आजारी माणसं नेली! जूनमध्ये पाचगणीच्या शाळांत मुलं सोडायला जायचे, तेव्हा जाताना मागच्या काचेवर नाकं दाबून रडणारी पोरं असायची आणि येताना गप्प बसलेले आईबाप. गावात कुणाला कुठं वेळेवर जायचं असलं की लोक म्हणायचे, सयाजीची गाडी सांगा आणि निवांत झोपा. हे ऐकून मला फार बरं वाटायचं, आणि सयाजीला तर माझ्याहून बरं वाटायचं.

फक्त एका घरी त्याची किंमत नव्हती, ते घर म्हणजे त्याची सासुरवाडी. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा घाट उतरलं की तिथल्या खंडाळ्याच्या बाजूला, मोठा रस्ता सोडून आत एक गाव लागतं. तिथं त्याचे सासरे आप्पासो राहत. ऊसवाले, बडे बागायतदार. चारचौघांत हसत हसत ते म्हणायचे, "शिपाई बघून पोरगी दिली, तर निघाला डायव्हर. आमच्या जावयाचं बरं हाय, रोज नवा मालक." लोक हसायचे. सयाजीही हसायचा, पण परतताना घाटात माझा ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबला जायचा.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साल होतं. इराणमधल्या तेहरान शहरात आशियाई खेळ भरणार होते आणि आमच्या तालमीचा आकाराम कुस्तीसाठी भारताच्या संघात निवडला गेला होता. आकारामला आई-बाप नव्हते. तालमीचे वस्ताद तात्याबा यांनीच त्याला लहानाचा मोठा केला, दूध पाजलं, माती अंगाला लावली. संघाबरोबर पुढे निघताना तो वस्तादांच्या पाया पडून म्हणाला, "वस्ताद, तुमी कडंला दिसल्याबिगर माझं हात चालत न्हाईत. तुमी याच." वस्तादांनी येतो म्हणून शब्द दिला. त्या वर्षी गावात ज्यानं त्यानं उसाच्या बिलातून आपापल्या परीनं हातभार लावला आणि म्हाताऱ्याला परदेशी पाठवायचं ठरवलं.

सांगलीला विष्णुपंत म्हणून एक गृहस्थ विमानाची, बोटीची तिकिटं काढून द्यायचे. त्यांच्या कचेरीची खिडकी रस्त्यावर होती आणि मी तिला लागूनच उभी होते. वस्तादांबरोबर गावातली चारपाच मंडळी आत दाटीनं बसली होती. बोट स्वस्त पडेल, असं कुणीतरी सुचवलं. पंत म्हणाले, समुद्राचा भरवसा मी देणार नाही. त्यांना विमानानंच जाऊ द्या. विमान कुठलं सुरक्षित, तिकडे उतरवून घ्यायला कोण येईल, वस्तादांना न कळणाऱ्या भाषेच्या मुलखात जेवणाखाण्याचं काय, सगळं त्यांनी नीट लावून दिलं. विमान पडलं तर, असं एकानं विचारलं. तेव्हा वस्तादच म्हणाले, "पडलं तर पडलं. पाठ लागू देनार न्हाई." त्यावर सगळी कचेरी हसली.

मग पंत गंभीर झाले. "तात्याबा, माझं एक ऐका. आदल्या दिवशीच मुंबईला जाऊन राहा. विमान कुणासाठी थांबत नाही."

पण आदला दिवस शनिवार होता. तालमीच्या मारुतीला शनिवारी दिवेलागणीला नारळ वाढवल्याशिवाय वस्ताद गावाची वेस ओलांडत नसत. सगळे विचारात पडले. तेव्हा दारात उभा असलेला सयाजी पुढे झाला.

"पंत, काळजी सोडा. इमान तुमचं, रस्ता आपला. रविवारी दिस उगवायच्या आत निघतो आन् वस्तादांला दारात उतरवतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, विमानाची काळजी सगळ्यांनी केली. रस्त्याची कुणीच केली नाही, कारण तो रोजचा होता.

रविवारी हलगी वाजली आणि आम्ही निघालो. माझ्या बॉनेटवर झेंडूचा हार होता. नवा फेटा बांधून वस्ताद मागे एकटेच बसले होते. कऱ्हाडला तिथल्या तालमीच्या पोरांनी आम्हाला अडवून हार घातले. साताऱ्यातही तसंच झालं. सयाजीनं ते सगळं आधीच हिशेबात धरलं होतं. दोन्हीकडून त्यानं नम्रपणे, पण लवकर गाडी काढली. घाट उतरलो तेव्हा आम्ही वेळेच्या पुढेच होतो.

तिथून मुंबईचा रस्ता सरळ जातो. पण माझं चाक वळलं.

सयाजीनं वस्तादांना सांगितलं की, सासरे तुमचे भक्त आहेत, उभ्या उभ्या दर्शन देऊ आणि निघू. वस्ताद बरं म्हणाले. कच्च्या रस्त्यानं धूळ उडवत आम्ही गावात शिरलो आणि माझा हॉर्न इतका वेळ वाजत राहिला की घराघरांतून माणसं बाहेर आली. आप्पासोंनी येऊन वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग वळून त्यांनी सयाजीच्या खांद्यावर हात टाकला आणि जमलेल्या गावाला म्हणाले, "बघा, आमचं जावई. वस्तादांला इमानाला न्ह्यायचा मान आमच्या जावयाचा." इतक्या वर्षांत असं ते पहिल्यांदाच म्हणाले. सयाजीचा चेहरा माझ्या काचेत दिसत होता. शाळेत पहिल्यांदाच शाबासकी मिळालेल्या मुलाचा असावा तसा.

मग जेवणाचा आग्रह सुरू झाला. आमच्या दारावरून वस्ताद उपाशी कसे जातील, जावई उपाशी कसे जातील, चूल पेटलीच आहे, पुरण वाटूनच झालं आहे. मी अंगणात उन्हात उभी होते. ओसरीवर पाट मांडले गेले. वस्तादांनी एकदा विचारलं, "सयाजी, येळ हाय न्हवं?"

"लय येळ हाय, वस्ताद. तुमी सावकाश जेवा."

हे म्हणताना सयाजीनं उन्हाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतर त्यानं मला जिवाच्या आकांतानं पळवलं. मीही कुठं कमी पडले नाही. पुण्यातली वर्दळ, पुढे बोरघाटात मालट्रकांची रांग, हे सगळं दर रविवारी असतं तेवढंच होतं. आम्ही विमानतळावर पोचलो तेव्हा विमान निघून गेलं होतं. खेळांमुळे पुढची विमानं भरलेली होती. सयाजीनं तिथून सांगलीला ट्रंक कॉल लावला. पंतांनी हरतऱ्हेचे प्रयत्न केले, पण जागा मिळणार होती ती आकारामच्या कुस्त्या संपल्यावरची. वस्ताद माझ्या उघड्या दारात बसले. फेटा काढून त्यांनी मांडीवर ठेवला आणि बराच वेळ वर जाणारी विमानं पाहत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "त्यो वाट बघंल रं."

गावी परतून मी तालमीच्या दाराशी थांबले आणि आत लोक जमले. कसं चुकलं, काय झालं, एकच गलका. सयाजी पुढे झाला. तो म्हणाला, "गाडी तापली घाटात. पाणी उसाळलं. थांबावं लागलं."

मित्रांनो, मी तापले नव्हते. हे सयाजीला ठाऊक होतं आणि वस्तादांनाही ठाऊक होतं. ते तर माझ्यातच बसले होते. सयाजीनं भीत भीत त्यांच्याकडे पाहिलं. वस्ताद कुस्तीच्या हौद्यातल्या मातीकडे पाहत होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

तेव्हापासून मी ऐन वेळेला दगा देणारी गाडी झाले. लग्नाची बोलावणी दुसरीकडे जाऊ लागली. मिरजेचे रोगी एस.टी.नं जाऊ लागले. पण मला सयाजीचा राग आला नाही, कारण त्याचे हाल मी जवळून पाहत होते. तो मला रोज धुवायचा, काही कारण नसताना पुसायचा. गावाला खरं वाटावं म्हणून त्यानं माझा धडधाकट रेडिएटर काढून नवा बसवला. तालमीवरून जायचा सरळ रस्ता सोडून तो ओढ्याकडून लांबून जाऊ लागला. घरी ताटावरून अर्धपोटी उठायचा. अंजनाबाई विचारायच्या, जेवणात काय कमी आहे? तो म्हणायचा, काही नाही. आप्पासोंनी मोठ्या कौतुकानं पाटवड्या पाठवल्या होत्या, त्या त्यानं शिवल्यासुद्धा नाहीत.

आकाराम हरून परत आला. त्या संध्याकाळी तालमीत दिवा लागला होता आणि दाराशी मला उभी केली होती. सयाजीला यावंच लागलं होतं. आकारामनं कुणाला दोष दिला नाही. पायांकडे पाहत तो इतकंच म्हणाला, "गुण माझंच जास्ती हुतं. शेवटाला म्या वळून बघितलं, कडंला कोन हाय का. तेवढ्यात त्यानं पट काढला, माझं पाय वढून पाठ लावली."

कुणीतरी माझ्याकडे बोट करून म्हणालं, ह्या डबड्यानं पोराचं वाटोळं केलं, भंगारात घाला हिला.

सयाजी उठला.

"गाडीला बोल लावू नगा. गाडी तापली न्हवती. म्या सासुरवाडीला वळवली. सासऱ्याला दावायचं हुतं, माज्या गाडीत कोन बसतंय त्ये. वस्तादांनी येळ इचारली तवा लय येळ हाय म्हनलो. म्या खोटं बोललो, आकाराम."

आकारामच्या मुठी वळल्या. तेव्हा वस्ताद खाली मान घालून, हळू, आपल्याशीच बोलल्यासारखे बोलू लागले.

"त्यो एकटाच न्हाई. मलाबी ऊन कलल्यालं दिसत हुतं. सारा गाव पाया पडत हुता, बरं वाटत हुतं. उठ म्हनलं असतं तर गडी उठला असता. म्या आनिक एक पोळी वाढून घितली. म्हनून त्या दिशी गप बसलो मी. सयाजीला झाकायला न्हवं. सोताला."

आकाराम दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग तो बाहेर आला, माझं मागचं दार उघडून आत बसला आणि दार लावून घेतलं. त्याच्या वजनानं माझ्या स्प्रिंगा दबल्या. तो रडत होता. आतल्या कुणाची बाहेर यायची हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं त्यानं काच खाली केली.

"सयाजीदादा, गाडी काढा. वस्तादांला बोलवा."

"कुठं जायचं?"

"कुठं बी."

वस्ताद आले आणि त्याच्या शेजारी अवघडून बसले. आम्ही कृष्णेच्या कडेच्या रस्त्याला लागलो. पहिला मैल मागे पडला. मग वस्ताद म्हणाले, "सलामीपास्नं सांग."

आणि आकाराम सांगू लागला. हात कसा मिळवला, पहिली पकड कुणी घेतली, तो गडी कुठल्या पायावर उभा राहायचा. वस्ताद मध्येच विचारायचे, मान कुठं होती, वजन कुठं होतं? आकारामचे हात चालू लागले, वस्तादांचेही चालू लागले आणि मी दोन्ही बाजूंनी हलू लागले. वळून पाहिल्याचा क्षण आला तेव्हा आकाराम थांबला. "सांग," वस्ताद म्हणाले, "आता हाय मी." त्यानं शेवटपर्यंत सांगितलं.

सयाजी मागे न पाहता गाडी चालवत होता. त्या दिवशी त्यानं मला कुठंच थांबवलं नाही.

मित्रांनो, माझं नाव पुढे हळूहळू निवळलं. पण आकाराम सयाजीशी पूर्वीसारखा मोकळा कधी बोलला नाही, आणि सयाजीनंही तशी अपेक्षा धरली नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कुणी विश्वासानं तुमच्या गाडीत बसलं, तर त्याची वेळ ही त्याची ठेव समजा. आपल्या हौसेसाठी ती मोडू नका. आणि मोडलीच, तर बिचाऱ्या मुक्या यंत्रावर ढकलू नका. आम्ही सगळं सोसतो, पण खोट्याचं ओझं चाकांवर पेलत नाही. ते माणसालाच वाहावं लागतं.