कॉर्डरॉयची डावी बाही

वहिनी एक दिवस कोट कापणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की दादा नुसतं "गर्जेल तो पडेल काय" म्हणायचा आणि जेवायला बसायचा. ती शिंप्याच्या दुकानात कामाला होती. पँटची लांबी कमी कर, चेन बदल, बटणं लाव. कापड कापायचं ते फक्त कटिंग मास्तरांनी.

मास्तर निवृत्त व्हायचं म्हणाले तेव्हा मालकीणबाईंनी वहिनीला बोलावलं. "नेहमी म्हणता ना? महिनाअखेर एक कोट कापून आणा. नाहीतर मी बाहेरून माणूस आणते."

त्या संध्याकाळी वहिनी घरात चकार शब्द बोलली नाही. मी तिची नणंद, स्वभावाने खवचट. पण ती गप्प बसली तेव्हा मला पहिल्यांदा तिचं खरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी डबे भरायच्या आधी ती वर्तमानपत्रातून बाह्या कापू लागली, पाठ कापू लागली. अंगात ताप होता तेव्हाही कापत राहिली. दादाला पेपर मिळायचा तो भोकं पडलेला. "सरकार राहिलं की पडलं, ते हिच्या बाहीत गेलं," म्हणायचा. पण तिचा हात असा बसला, की बघत राहावं.

मग तिने कॉर्डरॉय आणलं, बेतानेच. कापड वाचावं म्हणून डावी बाही कापडावर उलट्या दिशेने मांडून कापली, कागदावर कापायची तशीच. कोट शिवून झाला आणि दाखवायच्या दिवशी सकाळी तिने तो खिडकीत धरला. डावी बाही काळपट दिसत होती. कॉर्डरॉयला लव असते, उलटं कापलं की रंग बदलतो. कागदाला कुठली आलीय लव?

"कुणाच्या लक्षात येणार नाही," दादा म्हणाला.

"मालकीणबाईंच्या येईल," मी म्हणाले. मला खोटा धीर देता येत नाही.

वहिनी कोट मांडीवर घेऊन बसली. ती आता जाणार नाही, पुन्हा वर्षानुवर्षं नुसती बोलणार, असं मला वाटलं. तेवढ्यात ती उठली आणि कोट अंगात घालून निघाली. मीही मागोमाग गेले.

दुकानात आत अंधारच असतो. ती तिथेच उभी राहिली असती तर खपून गेलं असतं. ती मास्तरांना दाराशी उजेडात घेऊन आली. "ही बाही मी उलटी कापली."

मास्तरांनी खांदा पाहिला, कॉलर पाहिली, बाहीवर हात फिरवला. "बाकी कोट चांगला कापलाय."

मालकीणबाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाचं कापड असतं तर? माणूस मी बाहेरूनच आणणार. तुम्ही त्याच्याबरोबर आधी अस्तरं कापा."

"चालेल," वहिनी म्हणाली. "पण रोज."

घरी दादाने विचारलं, "मिळालं मास्तरांचं कटिंगचं टेबल?"

"अस्तरं मिळाली."

"म्हणजे नाही मिळालं."

एरवी एवढ्यावर तिचा चेहरा उतरायचा. तिने कोट हँगरला लावला. "मी कापते, अहो. आज अस्तर, पुढे कोट. उद्यापासून लवकर जायचंय, डबे तुम्ही भरा."

ती हसेल म्हणून दादा थांबला. ती त्याला डब्यांची झाकणं कुठे असतात ते सांगत होती.