अकरा दारं

मी लग्न होऊन आले तेव्हा दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहत होतो. सासूबाईंनी एक शब्द न बोलता आपली खाट स्वयंपाकघरात हलवली आणि आतली खोली आम्हाला दिली. पुढे आमचं बरं चाललं. शहरात ऐसपैस फ्लॅट झाला, तळ्याकाठच्या गावात दुसरं घर झालं. हे गेल्यापासून मी तिथे वर्षाकाठी जेमतेम पंधरा दिवस जाते.

नातीला त्याच गावच्या शाळेत नोकरी लागली. ती धावतच सांगायला आली.

"आजी, तुझ्या घरात राहू ना मी? झाडलोट करीन, तो गळका नळ दुरुस्त करून घेईन. हवं तर भाडं लाव!"

"तुझ्याकडून भाडं घेऊ होय गं?" मी म्हटलं, आणि लागलीच, "पण आजोबांचं सगळं तिथे जसंच्या तसं आहे. गावात खोल्या काय कमी आहेत?"

खरं कारण आजोबा नव्हते. त्यांचे कपडे मीच केव्हाचे वाटून टाकले होते. मला माझ्याच घरात पाहुणी व्हायचं नव्हतं, एवढंच.

दोन महिने ती रोज बसने गेली-आली. जायला अडीच तास, यायला अडीच तास. तिसऱ्या महिन्यात नोकरी सोडली आणि माझ्याकडे येऊन चहा पिता पिता हसत सांगू लागली.

"एका संध्याकाळी ठरवलं, आज खोली शोधायचीच. तळ्याकाठी घरोघरी दिवे. अकरा दारं वाजवली आजी, एक उघडलं असेल तर शपथ! शेवटी दुकानदार म्हणाला, 'बाई, ते दिवे घड्याळावर लागतात. चोरांना वाटावं, आत माणसं आहेत.' चोर काही फसत नाहीत म्हणे, मास्तरणीच फसतात."

मीही हसले. तसला दिवा आम्हीही बसवला होता.

"त्यात तुझंही दार होतं," ती म्हणाली. "माहीत होतं, तरी वाजवलं."

मी उठले, कपाटातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"आता कशाला? माझ्या जागी दुसरा आलाय. बायको आहे, दोन मुलं आहेत. तोही घरच शोधतोय."

किल्ली उचलून परत कपाटात ठेवायला माझा हात धजेना.

"मग त्याला देऊ?" मी विचारलं, आणि विचारताना मान वर झाली नाही. सख्ख्या नातीला नाकारलेलं घर मी परक्याला देऊ करत होते, तेही तिच्याच तोंडावर.

मग फोनमध्ये बघून तिने त्याचा नंबर एका कागदावर लिहिला.

"पूर्वेची खोली मुलांना द्यायला सांग," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "सकाळी छान ऊन येतं. मी माझं टेबल तिथेच मांडणार होते."