पपई धरलेला हात

रविवारी सकाळी अकरा वाजता सभागृहाच्या मंचावर एका निवृत्त ड्रायव्हरची रक्तातली साखर तीनशे चाळीसवरून एकशे साठवर आली. गोळी नाही, सुई नाही. पपईची एक फोड आणि पपईबाबांचा आशीर्वाद. लोक खुर्च्यांवर उभे राहिले.

पहिल्या रांगेत विज्ञानाच्या शिक्षिका असलेल्या बाई आपल्या थोरल्या बहिणीचा हात ओढत होत्या. ताईच्या शरीरात लहानपणापासून इन्शुलिन तयारच होत नाही. मागच्या रविवारी याच मंचावर तिचा आकडाही असाच घसरला, आणि परवापासून तिनं रोजची सुई बंद केली.

"ताई, ऊठ. घरी चल, सुई घे."

"तुला टोचून घ्यावं लागत नाही ना, म्हणून सुचतंय." ताईला धाप लागली होती.

"निदान साखर तरी तपासू."

"यंत्र बाबांकडे जमा केलंय. ते घरात असलं की रोग माग काढत परत येतो म्हणे."

रोग नव्हे, वसुलीदारच तो!

बाबा माइकवर आले. "पपईत काय नाही? क जीवनसत्त्व आहे, चोथा आहे, डोळ्यांना लागतं ते सगळं आहे! मग इन्शुलिन तेवढं नसेल होय?" खरं आधी सांगायचं आणि त्याच्या आडून खोटं सरकवायचं, ही त्यांची हातोटी. मग ते ताईकडे वाकले. "अहाहा! यांच्या श्वासालाही फळाचा गंध! रोग बाहेर पडला!"

टाळ्या कडाडल्या.

मदतनीस सगळ्यांच्या हातात फोडी ठेवत होता. "मुठीत घट्ट धरा. रोग फळाला सांगा." बाईंची बोटं चिकट झाली, आणि त्या थबकल्या. घरी आईचा दंडक होता: आधी हात धू, मग बोट टोच. इथे मुठीत फोड, लगेच बोट टोचून पहिला आकडा. मग 'मंतरलेल्या' पाण्यानं हात धुणं, फोड खाणं, आणि दुसरा आकडा.

त्या फोडीसकट मंचावर चढल्या. "बाबा, माझीही बघा."

यंत्रानं दोनशे नव्वद दाखवले.

"बघा! लपलेला रोग!" बाबा गरजले.

"थांबा हं." बाईंनी कोपऱ्यातल्या नळावर साबणानं हात धुतले, पुसले, दुसरं बोट पुढे केलं. चौऱ्याण्णव. "फोड ही अशीच आहे. खाल्ली नाही, मंत्रही नाही."

"म्हणजे माझा आकडा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"पहिला बोटावरच्या रसाचा, काका. दुसरा तुमच्या रक्ताचा, तोही रोजच्या गोळ्यांमुळे."

"शंकेखोरांच्या हातावर कृपा टिकत नाही!"

"साबणानं जाते तर कसली हो कृपा?" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

बाई वळल्या. "ताई, मागच्या रविवारचा तुझा दुसरा आकडाही सकाळच्या सुईचाच होता गं."

ताईनं ऐकलं की नाही, कळलं नाही. ती खुर्चीतच वाकून ओकत होती.

दवाखान्यात बाईंनी सभेत घडलेलं सांगितलं. डॉक्टरांनी ताईचा श्वास हुंगला आणि आधी नर्सला हाक मारली. मग म्हणाले, "हा पपईचा वास नाही. इन्शुलिन नसलं की शरीर चरबी जाळत सुटतं, रक्तात आम्ल साचतं, त्याचा हा वास. धोक्याची खूण आहे ही. आणि लोक टाळ्या वाजवत होते?"



पपई जरूर खावी, चांगलं फळ आहे. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून, बेतानं खावी. पण ते फळ आहे, औषध नाही. त्याच्या भरवशावर सुई सोडू नये. आणि कुणी मंचावर चमत्कार दाखवला, तर त्याला सर्वांसमोर हात धुऊन पुन्हा मोजायला लावावं.

चार वाजता त्याच सभागृहात बाबांची दुसरी सभा सुरू झाली. निम्म्या खुर्च्या भरल्या होत्या. दवाखान्यात ताईच्या शिरेतून इन्शुलिन चालू आहे. तिनं अजून डोळे उघडलेले नाहीत.