दुसऱ्या फेरीची उत्तरं

पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यापर्यंत चढून गेलं की माझ्या तोंडातून शब्द धड फुटत नाही. त्यात हे दुसऱ्यांदा. पंधरवड्यापूर्वी विचारलेले तेच प्रश्न त्याच आयांना पुन्हा विचारायचे आणि उत्तरं जुळतात का ते बघायचं. मूल स्वमग्न असेल का, हे आईच्या सांगण्यावरून ओळखणारी प्रश्नावली आमच्या डोंगरात भरवशाची ठरते का, ते हा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या सरांना असं कळणार आहे. माझे गुडघे भरवशाचे राहिलेले नाहीत, एवढं मला आधीच कळलंय.

सकूकडे मात्र मी मुद्दाम सकाळीच गेले. तिचा तुषार अडीच वर्षांचा. गेल्या वेळी तिनं सगळं खरं सांगितलं होतं: हाक मारली तर बघत नाय, डोळ्याला डोळा देत नाय, पोरांत जात नाय. मी होते तोवर तो सुपाची कड नखानं खरवडत बसला होता. दोन्ही फेऱ्यांत शंका आली तरच मुलाला जव्हारला डॉक्टरांकडे नेतात. तुषारला न्यायलाच हवं होतं.

"हाक मारली तर बघतो?" मी विचारलं.

"बघतो!" सकू फुलून म्हणाली. तिनं डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि हाक मारली, "तुषार!" पोराची मान वळली. गूळ तोंडात पडला तशी नजर परत सुपाकडे गेली.

पुढचंही सगळं "हो". मला चीड यायला लागली.

"सकू, हे काय गं? गेल्या वेळी तू नाही म्हणालीस."

"तवा येत नव्हतं, ताई. तुमी इचारून गेल्या, मंग मी रोज बसून शिकवला. नागली कापायला पण नाय गेले."

"पण कशाला?"

"माझा भाऊ चंदू त्या निवासी शाळेच्या परीक्षेत नापास झाला, त्यांनी नाय घेतला. म्हटलं, याला तरी तुमी घ्याल. मोठ्या डॉक्टरकडं नेणार ना?"

मी पेन खाली ठेवलं. सांगायला जीभ रेटेना, पण सांगितलं. ज्यांना हे येत नाही त्यांनाच नेतात. आता तुषारचं नाव यादीतून जाईल.

सकूनं गुळाच्या डब्याचं झाकण लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला.

"मंग नापास करा ना त्याला," ती म्हणाली. "परत इचारा. मी बरोबर सांगते."

नियमात तिसरी फेरी नाही. आईला समजावून उत्तरं घेणं तर साफ बाद. सरांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं आणि कोरा फॉर्म काढून पहिल्यापासून सुरू केलं. सकू एकेका प्रश्नाला "नाय" म्हणत गेली. शिकवलेलं सगळं ती माझ्यासमोर एकेक करून पुसत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"काही हवं असलं तर बोटानं दाखवतो?"

तुषार उठला. आईकडे वळला, आणि कुणी न सांगता त्यानं फळीवरच्या डब्याकडे बोट केलं.

सकूनं ते बोट मुठीत धरलं आणि त्याचा हात पदराखाली ओढून घेतला.

"नाय," ती म्हणाली. "नाय दाखवत."