दुसऱ्या नंबरचा अर्ज

नोटीस लागली होती लिफ्टशेजारच्या फळ्यावर, एका जुन्या कागदावर अर्धी चढून. मोठ्या सिस्टर रोज त्या फळ्यासमोरून जायच्या, पण त्याच्याकडे कधी ढुंकूनही बघायच्या नाहीत. त्या दिवशी लिफ्ट यायला वेळ लागला, म्हणून वाचली.

एक मोठा आरोग्य न्यास रुग्णालयांना संशोधनासाठी तीन वर्षांचं अनुदान देणार होता. अट एकच, पण खमकी: एका रुग्णालयातून एकच अर्ज. दोन आले तर दोन्ही केराच्या टोपलीत. म्हणून रुग्णालयाने आधी घरच्या घरी स्पर्धा ठेवली होती. इच्छुकांनी दोन पानांत आपली कल्पना मांडायची, समिती त्यातून एक निवडणार, आणि तोच अर्ज पुढे जाणार.

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं, वर निघून गेली. मोठ्या सिस्टर तिथेच उभ्या.

मोठ्या सिस्टर म्हणजे मेंदूविकार वॉर्डाच्या प्रमुख परिचारिका. 'मोठ्या' हे उंचीवरून नव्हे. औषधांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यासाठी त्यांना अजून स्टूल लागायचं. पण बावीस वर्षं एकाच वॉर्डात काढलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? नव्या डॉक्टरांना शीर सापडेना की ते त्यांच्याकडे बघायचे, आणि जुन्यांना चूक सापडू नये असं वाटलं की ते त्यांच्याकडे बघायचं टाळायचे.

त्यांना त्या नोटिशीपाशी थांबवलं ते एका सुताराने. आठ महिन्यांपूर्वी अंगाची उजवी बाजू लुळी पडून तो वॉर्डात आला होता. दुसऱ्या दिवशी चांगला शुद्धीवर आला, मुलीकडे बघून हसला, खुणेने पाणी मागितलं. मुलीने विचारायला इकडेतिकडे पाहिलं. ड्यूटीवरची सिस्टर दुसऱ्या खाटेवर गुंतली होती. तहानलेल्या बापाला पाणी पाजायला परवानगी कसली, असं म्हणून तिने चमच्याचमच्याने अर्धा पेला पाजला. अशा आजारात घसाही लुळा पडतो, हे तिला कोण सांगणार? पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरलं. त्याला धड ठसकाही लागला नाही. तिसऱ्या दिवशी ताप, मग न्यूमोनिया, आणि नवव्या दिवशी खाट रिकामी.

कागदपत्रं न्यायला आली तेव्हा मुलीने विचारलं होतं, "सिस्टर, मी पाणी पाजलं म्हणून गेले का हो बाबा?"

"नाही गं बाळा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या. "आम्ही सांगायला हवं होतं."

त्या दिवसापासून त्यांनी एक वही सुरू केली. कोणाला, कधी, गिळता येतंय की नाही हे न बघताच खायला-प्यायला दिलं गेलं, आणि पुढे काय झालं. आठ महिन्यांत चौसष्ट नावं झाली. त्यातल्या अकरा जणांना न्यूमोनिया. गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाई आठवड्यातून दोनच दिवस यायच्या. पण पहिली चाळणी लावायला तज्ज्ञ कशाला हवा? रोग्याला नीट बसवायचं, चमचाभर पाणी तीनदा द्यायचं, मग अर्धा कप. ठसका लागतो का, आणि प्यायल्यावर बोलताना आवाज ओला, गुळगुळ येतो का, एवढं बघायचं. पाच मिनिटांचं काम. सगळ्या वॉर्डांतल्या सिस्टरांना हे शिकवलं तर किती न्यूमोनिया टळतील, हे त्यांना मोजून दाखवायचं होतं. आपल्या वॉर्डात त्यांनी ते सुरूही केलं होतं. पण दुसऱ्या वॉर्डात सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं: "पुरावा काय?"

त्या तडक संशोधन कार्यालयात गेल्या.

तिथल्या कारकुनाला सगळं रुग्णालय नियमकाका म्हणायचं. त्यांच्या टेबलावर नियमांच्या फायली आणि एक पंखा एवढंच असायचं, आणि फायली उडू नयेत म्हणून पंखा कायम बंद.

"भाऊसाहेब, त्या स्पर्धेचा अर्ज हवाय."

"कुठल्या डॉक्टरांना?"

"मला."

नियमकाकांनी चष्मा काढला. "सिस्टर, हे संशोधनाचं आहे. डॉक्टर लोकांचं काम."

"असं कुठे लिहिलंय?"

हा प्रश्न कोणी विचारला की नियमकाकांना राहवत नसे. त्यांनी फाईल ओढली, बोट ओळीवरून सरकवलं, थांबवलं, परत मागे नेलं. "संस्थेतील कोणताही कायम कर्मचारी," त्यांनी वाचलं. मग पुन्हा एकदा, मनातल्या मनात. "अरेच्चा! लिहिलंय खरं." अर्ज पुढे करत ते म्हणाले, "अकरा तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून एक मिनिटाला आलात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

घरी मोठ्या सिस्टरांनी लिहायला घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की बावीस वर्षांत आपण केसपेपरवरच्या तुटक ओळींखेरीज काही लिहिलेलंच नाही. मग त्यांनी डॉक्टरांचे छापील लेख पुढ्यात ठेवून तशीच भाषा उतरवून काढली. सासरे छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासत होते. कागद दिसला की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जायचा.

"सूनबाई," ते पहिल्याच ओळीवर अडले, "'गिळण्याच्या प्रक्रियेतील कार्यात्मक न्यूनता' म्हणजे काय गं?"

"म्हणजे घास नीट गिळता येत नाही, मामा."

"मग तसं लिही की! हा द्राविडी प्राणायाम कशाला?"

"साधं लिहिलं तर अडाणी वाटेल."

"कळलं नाही तर काय वाटेल?"

चार संध्याकाळी दोघं जेवणाच्या टेबलावर बसले. मामा खोडत होते, सूनबाई भांडत होती, आणि नवरा चहा करून देता देता म्हणत होता, "मला आपलं मधे ओढू नका." शेवटी दोन पानं उरली. पहिली ओळ अशी होती: 'आमच्या रुग्णालयात पक्षाघाताचे काही रुग्ण आजाराने नव्हे, पहिल्या पेलाभर पाण्याने दगावतात.'

समितीपुढे पाच जण होते. चार डॉक्टर आणि मोठ्या सिस्टर. समितीत अधिष्ठाता, शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख आणि संख्याशास्त्राच्या एक प्राध्यापक बाई. मोठ्या सिस्टरांनी वही उघडून चौसष्ट रुग्णांचा हिशोब सांगितला.

"सिस्टर, यात नवीन काय?" सर्जनसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले. "आधी गिळता येतंय का बघा, हे आमची आजीसुद्धा सांगेल."

"आजी सांगते, साहेब. पण केसपेपरवर आजीची सही नसते." अधिष्ठाता खोकल्यासारखे हसले. मोठ्या सिस्टर पुढे म्हणाल्या, "तुमच्या वॉर्डात गेल्या महिन्यात किती जणांची ही तपासणी झाली, सांगता येईल?"

साहेब समोरचा अर्ज पुन्हा चाळू लागले.

प्राध्यापक बाईंनी विचारलं, "आधीचे आणि नंतरचे रुग्ण यांची तुलना कशी करणार? वयं वेगळी, आजाराची तीव्रता वेगळी."

"ते मला येत नाही, बाई," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "येणारं माणूस बरोबर घ्यावं लागेल."

बाहेर आल्यावर त्यांना वाटलं, कशाला खरं बोलले? काहीतरी ठोकून द्यायला हवं होतं.

निकाल दोन दिवसांनी लागला. पहिले आले स्कॅनवाले डॉक्टर. मेंदूच्या स्कॅनवरून संगणकाने निदान करायचा त्यांचा प्रकल्प होता. दुसऱ्या, म्हणजे राखीव, मोठ्या सिस्टर. वॉर्डात टाळ्या पडल्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बरं झालं, सुटले." पण राखीव म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होतं. पाठीवर थाप, हातावर काही नाही. त्या आठवड्यात त्यांनी विनाकारण दोन शिकाऊ मुलींना फैलावर घेतलं आणि मग दोघींची माफी मागितली. वही मात्र चालूच होती. नावं सदुसष्ट झाली होती.

न्यासाकडे अर्ज पाठवायला सहा दिवस उरले असताना, भर दुपारी, स्कॅनवाले डॉक्टर वॉर्डात आले. पस्तिशीचा माणूस, चालायचा पळाल्यासारखा, आणि 'सिस्टर, फाईल' यापलीकडे त्यांनी मोठ्या सिस्टरांशी कधी शब्द काढला नव्हता. आज ते चादरींच्या कपाटापाशी घुटमळत राहिले.

"कुठली फाईल?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"फाईल नको. तुमचा अर्ज जातोय."

"कुठे जातोय?"

"न्यासाकडे. मी बाद झालो. नियमकाकांनी शोधून काढलं. त्याच न्यासाचं एक छोटं अनुदान माझ्या नावावर अजून चालू आहे, आणि असा माणूस अर्जदार चालत नाही. तळटीप होती. मी वाचलीच नाही."

मोठ्या सिस्टर हातातली चादर घडी करायची विसरल्या. "मग तुमच्या विभागप्रमुखांच्या नावाने पाठवा की. होतं तसं."

"सुचवलं ना तसं. खुद्द प्रमुखांनीच." डॉक्टर भिंतीकडे बघत होते. "रात्रभर... म्हणजे, बराच विचार केला. खोटं कशाला सांगू, मोह झाला. पण मग अधिष्ठात्यांना म्हटलं, नावापुरता माणूस उभा करायचा तर दुसरा नंबर काढलात कशाला?"

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांनी पाणी मागितलं, आणि शिकाऊ मुलगी चमचा घेऊन गेली.

"सहा दिवसांत वीस पानं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मला जमेल असं वाटतं तुम्हाला?"

"एकटीला नाही. पण मी तीन अर्ज लिहिलेत, त्यातला एक मंजूर झालाय. आणि प्राध्यापक बाई विचारत होत्या, त्या 'येत नाही' म्हणणाऱ्या सिस्टर कुठे भेटतील?"

त्या सहा दिवसांत संशोधन कार्यालयातला पंखा पहिल्यांदा लागला. प्राध्यापक बाईंनी तुलनेचा मार्ग काढला: वॉर्ड एकेक करून सामील करायचे, म्हणजे ज्यांची पाळी अजून आली नाही ते आपोआप तुलनेला मिळतात. स्कॅनवाले डॉक्टर रिकाम्या जागा भरत होते. मामा घरी बसून वीस पानांतली अनावश्यक विशेषणं टिपत होते. नियमकाका प्रत्येक तळटीप मोठ्याने वाचत होते आणि कोणालाही कंटाळायची परवानगी नव्हती.

घोडं अडलं ते सर्जनसाहेबांपाशी. चार वॉर्ड हवे होते, आणि चौथा त्यांचा.

"माझ्या सिस्टरांना श्वास घ्यायला फुरसत नाही," ते सहीचा कागद न बघताच म्हणाले. "त्यात हे आणखी लचांड."

मोठ्या सिस्टर पाठ केलेली सगळी कारणं एकदम विसरल्या. तेवढ्यात साहेबांच्याच वॉर्डाच्या सिस्टर, ड्रेसिंगचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या त्या, आत आल्या.

"साहेब, मी करते. पाचच मिनिटं लागतात, मी त्यांच्या वॉर्डात जाऊन पाहिलंय. रात्रंदिवस ते ठसके ऐकते कोण? मीच ना?"

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघी आधी ठरवून आलात काय?"

"नाही साहेब," दोघी एकदम म्हणाल्या, आणि ते अर्थातच ठरवल्यासारखंच वाटलं. साहेबांनी सही केली.

अर्ज मुदतीच्या एक दिवस आधी गेला. शेवटच्या दिवशी अर्ज भरणाऱ्याला नियमकाका माणसात धरत नसत.

मग साडेचार महिने काहीच नाही. मोठ्या सिस्टर विचारायच्या नाहीत, पण लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागल्या. जिना संशोधन कार्यालयावरून जायचा.

उत्तर आलं तेव्हा नियमकाका स्वतः वॉर्डात आले, हे पूर्वी कधी घडलं नव्हतं. पत्र त्यांनी उभ्याउभ्या, शेवटच्या तळटिपेसकट वाचलं. न्यासाने अर्ज मंजूर केला होता. पण तीन वर्षांऐवजी एक वर्ष, चारऐवजी दोन वॉर्ड. निष्कर्ष बघून पुढचं ठरवणार.

"म्हणजे अर्धंच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. डोळे मात्र पूर्ण भरले होते.

"सिस्टर, माझे दोन अर्ज पूर्णच्या पूर्ण नामंजूर झालेत," स्कॅनवाले डॉक्टर म्हणाले. "अर्ध्याला नाक मुरडू नका."

मामांनी पत्र दोनदा वाचलं आणि त्यात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक काढली. मग ती तशीच सोडून सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

पुढच्या सोमवारी दुपारी पहिलं प्रशिक्षण ठेवलं. दोन वॉर्डांच्या मिळून आठ सिस्टर येतील असा अंदाज होता. आल्या सतरा. ज्यांचे वॉर्ड यादीतून गळले होते त्याही आल्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जणी खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या, आणि प्राध्यापक बाई नोंदीचे कागद वाटता वाटता पुरेनात म्हणून झेरॉक्सला पळाल्या.

मागे एक वयस्कर सिस्टर दाराशीच उभ्या होत्या. "मी आपली बघायला आले," त्या म्हणाल्या. "मला शिकवून काय उपयोग? पाच महिन्यांत निवृत्त होतेय."

"पाच महिन्यांत तुमच्या वॉर्डात असे किती पेशंट येतील?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

त्यांनी बोटांवर मोजलं, मग मोजणं सोडून दिलं. "शंभर तरी."

"मग बसा की हो इथे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "पहिल्या पेशंट तुम्हीच. पाठ ताठ करा, आणि बोलू नका. निदान अर्धं मिनिट तरी."