दोन ते चार

वकीलबाईंनी ऑफिसचा कारभार असा काही सुटसुटीत करून टाकला होता की विचारू नका. जुन्या मुन्शीकाकांना वर्षापूर्वीच निरोप दिला. फोन घ्यायला दूरच्या शहरातली एक कंपनी, दावे टाइप करायला दुसरी, आणि तारखा, हुकूम, पत्रं ज्याची त्याला आपोआप पाठवायला संगणकातली एक यंत्रणा. दोन खोल्यांत बाई एकट्या. नवरा चेष्टेनं म्हणायचा, आता तुझीही गरज उरली नाही तिथे. दुपारी दोन ते चार हा त्यांचा लिहिण्याचा वेळ. त्या वेळात एकही फोन आत द्यायचा नाही, असं त्यांनी कंपनीला पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं.

त्या दिवशी तर स्वारी हवेतच होती. म्हाताऱ्या शिंप्याचं काम फत्ते झालं होतं. कोपऱ्यावरचं त्याचं दुकान चाळीस वर्षांचं. जागामालकानं ते खाली करण्याचा हुकूम मिळवलेला, आणि दुपारी तीनला कोर्टाचा बेलीफ पोलीस घेऊन ताबा घ्यायला येणार होता. बाईंनी बारा वाजता वरच्या कोर्टातून स्थगिती आणली. शिक्क्याची प्रत पर्समध्ये टाकली आणि कोर्टाच्या पायरीवरूनच मोबाइलवर एक बटण दाबलं. ईमेलनं हुकूम बेलिफाला गेला, मालकाच्या वकिलाला गेला, शिंप्याला गेला. तिन्ही नावांपुढे हिरवी खूण. झालं की काम! बाईंनी निवांत जेवून घेतलं आणि दोनला दार लावलं.

पावणेतीनला पाणी प्यायला उठल्या आणि सहज निरोपांची यादी उघडली. शिंपी, दोन वाजून चार मिनिटं. शिंपी, दोन अकरा. शिंपी, शिंपी. अर्ध्या तासात सात फोन. शेवटच्या निरोपापुढे लिहिलं होतं की अशील घाबरलेले वाटले, मॅडम चारनंतर फोन करतील असं सांगून धीर दिला.

स्थगिती हातात पडलेला माणूस सात वेळा फोन कशाला करेल? त्यांनी शिंप्याची नोंद उघडली. कंपनीचा फॉर्म ईमेलशिवाय पुढे सरकत नाही, आणि शिंप्याकडे कुठला आलाय ईमेल! फॉर्म भरणाऱ्यानं जावयाचा टाकून दिला होता. जावई जहाजावर नोकरीला, आठ-आठ दिवस त्याचा पत्ता नसतो. आणि खाली तपासल्याची सही बाईंचीच.

शिंप्याचा फोन लागेना. मग कंपनीला लावला आणि तोंडाला येईल ते बोलल्या. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, सूचना तुमचीच आहे," ती म्हणाली. "दोन ते चार कुणालाही जोडायचं नाही."

बाई चप्पल अडकवून निघाल्या. रिक्षा प्रत्येक चौकात अडकत होती आणि त्या दर मिनिटाला घड्याळ बघत होत्या. बेलिफाला हुकूम पोचलाय, तो येणारच नाही, आणि आलाच तर कागद आपल्या पर्समध्ये आहे, असं स्वतःलाच पुन्हा पुन्हा समजावत होत्या. पोचल्या तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी होती.

दारात ना पोलीस, ना बेलीफ. शटर उघडं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

आत शिंपी मशीनचा पट्टा काढत होता आणि त्याची बायको कापडांची गाठोडी बांधत होती. बेलीफ नाही ना आला, बाईंनी विचारलं. नाही, शिंपी म्हणाला, पण मालकाचे वकील दीड वाजताच आले. फार समजुतीनं बोलले. तीनला पोलीस आले की सामान रस्त्यावर फेकतील, चार लोकांत शोभा होईल. त्यापेक्षा राजीखुशीनं ताबा दिल्याची सही करा आणि मशिनी सुखरूप घेऊन जा.

"सही करायच्या आधी तुम्हाला एकदा विचारावं म्हटलं," शिंपी म्हणाला. "पण तुम्ही कामात होता."

सही होऊन गेली होती. जबरदस्तीनं घेतला जाणारा ताबा स्थगितीनं अडवता येतो. आपल्या हातानं देऊन टाकलेला कसा अडवणार? मालकाच्या वकिलानं बाराला हुकूम वाचला आणि तीनची वाट बघितलीच नाही. त्याला तो बाईंनीच पाठवला होता. आता फसवून सही घेतली म्हणून भांडायचं, तर त्यात वर्षं जाणार, आणि शिंप्यानं सत्तरी गाठलेली.

त्यांनी पर्समधून काढलेला शिक्क्याचा कागद शिंप्यानं घेतला. चष्मा वर करून ओळ न् ओळ वाचला. बायकोचे हात गाठोड्यावर थांबले.

"हे कधी मिळालं?"

खोटं बोलावं असं बाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"बारा वाजता."

शिंपी रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागदाची नीट घडी घातली आणि विचारलं, "मग दोन वाजता कुठे होतात, बाई?"

"ऑफिसातच होते," बाई म्हणाल्या. "दार लावून."